पाण्याच्या वाटेने जिल्ह्याचा इतिहास



मी काही इतिहासाचा पंडित नव्हे. युनियनच्या कामासाठी गावोगाव हिंडताना हा जिल्हा जमेल तसा वाचत गेलो, एवढेच.

आपल्या पश्चिमेस, अकोले तालुक्यात, 1646 मीटर उंचीचे कळसूबाई आहे. तिकडे पाऊस कोसळतो आणि कर्जत-जामखेडपर्यंत येईतो ढग रिते होतात. अशा मुलखातील जुन्या वास्तू पाहताना ‘कोणी बांधले?’ याआधी ‘पाणी कोणी आणले?’ असे विचारावे.

1490 साली अहमद निजामशहाने सीनेकाठी शहर वसवले. पण सीनेच्या भरवशावर राजधानी कशी नांदणार? म्हणून आसपासच्या गावांकडून भाजलेल्या मातीच्या नळांनी पाणी आणले गेले. हे खापरी नळ जमिनीखालून, केवळ उताराच्या बळावर वाहत. उतार चुकला की पाणी अडलेच! फराहबागेचा महाल हौदाच्या मधोमध उभा राहिला, तो या विद्येच्या जोरावर.

शहराबाहेरच्या डोंगरावरील तीनमजली, अष्टकोनी वास्तूला आपण ‘चांदबीबीचा महाल’ म्हणतो. वास्तविक ती निजामशाहीचा वजीर सलाबतखान याची कबर. 1595-96 मध्ये चांदबीबीने मोगलांशी किल्ला झुंजवला. लोकांनी प्रेमाने तिला हा महाल बहाल केला. कृतज्ञता खरी, पत्ता तेवढा चुकला. पण नळ भाजणारा कुंभार, चर खणणारा बेलदार, दगड घडवणारा पाथरवट यांच्या वाट्याला चुकीचा पत्तासुद्धा आला नाही.

पुढेही तेच झाले. 1926 मध्ये भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले. त्याला गव्हर्नर विल्सनचे नाव लागले. प्रवरेच्या कालव्यांनी माळरानावर ऊस डोलू लागला. या पाण्यावर 1950 च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीला शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला. ही क्रांतीच होती. तथापि पाणी सगळीकडे पोहोचले नाही. पाथर्डीचा कोरडवाहू शेतकरी आजही कोयता घेऊन, बायकोपोरांसह दुसऱ्याच्या ओल्या शिवारात ऊस तोडायला जातो.

2024 साली जिल्ह्याला अहिल्यादेवींचे नाव मिळाले. चौंडीच्या या लेकीने देशभर घाट आणि विहिरी बांधल्या. त्या नावाला जागायचे तर किल्ल्याइतकीच खापरी नळांच्या अवशेषांची निगा राखली पाहिजे, आणि पाण्याच्या वाटणीचा जुना हिशेबही पुरा केला पाहिजे. राजवाडे ओस पडले तरी मुलूख जगतो. पाण्याची वाट बुजली की मुलूखच उठतो.