ॲल्युमिना, सच्छिद्र

पाण्यात विरघळलेले रंजक आपल्या पृष्ठावर धरून ठेवणारे ॲल्युमिनियम ऑक्साइडाचे सूक्ष्मरंध्री रूप. ॲल्युमिना व रंजक यांचा संबंध जुना आहे. मंजिष्ठेचा तांबडा रंग सुती कापडावर पक्का बसावा म्हणून रंगारी ते तुरटीच्या पाण्यातून काढीत. धाग्यावर साचलेले ॲल्युमिनियमाचे हायड्रॉक्साइड रंगाला जखडून ठेवी. जलशुद्धीत हाच गुण पाण्यातून रंग काढून घेण्यासाठी वापरतात.

तासगाव (जि. सांगली) परिसरातील काळी जमीन आणि पश्चिमेस सह्याद्रीच्या माथ्यावरील बॉक्साइट, दोहोंचे मूळ बेसाल्ट खडकात आहे. पर्जन्यछायेतील तासगावकडे त्याची मॉंटमोरिलोनाइटयुक्त काळी माती झाली. राधानगरी, शाहूवाडीकडील मुसळधार पावसात सिलिका वाहून गेली व ॲल्युमिनियमाची हायड्रॉक्साइडे मागे राहिली. रंगाच्या बाबतीत मात्र दोघांचे वर्तन परस्परविरुद्ध आहे. मातीच्या ऋणभारित कणांना मिथिलीन ब्ल्यूसारखे धनभारित रंजक चिकटतात. उदासीन वा अम्लीय पाण्यात धनभारित होणारे ॲल्युमिना सल्फोनेट गट असलेले ऋणभारित रंजक ओढून घेते. सुती कापडाचे विक्रियाशील व प्रत्यक्ष रंजक या दुसऱ्या प्रकारचे असतात.

बॉक्साइटापासून हायड्रॉक्साइड वेगळे काढण्याची पद्धती कार्ल योझेफ बायर यांनी १८८८ च्या सुमारास शोधली. हायड्रॉक्साइड तापविले असता त्यातील पाणी निघून जाते व रंध्रे उरतात. सु. ५००° से. ला मिळणाऱ्या गॅमा ॲल्युमिनाच्या एका ग्रॅमचे पृष्ठफळ १५० ते ३०० चौ. मी. भरू शकते. तापमान १,१००° ते १,२००° से. वर गेल्यास रंध्रे मिटून आल्फा ॲल्युमिना, म्हणजे कुरुंद, बनतो. तो घासकामास उत्तम, रंग धरण्यास जवळजवळ निरुपयोगी. ब्रॉकमन व शोडर यांनी १९४१ मध्ये ॲल्युमिनाची शोषणशक्ती मोजण्यासाठी रंजकच वापरले होते. पुढे योल्डस यांच्या कलिल-जेल पद्धतीने (१९७५) आणि बॅगशॉ व पिनाव्हाया यांच्या साचा-पद्धतीने (१९९६) रंध्रांचा आकार हवा तसा राखणे शक्य झाले.

या गुणाची खरी कसोटी कृष्णेच्या खोऱ्यात लागते. इचलकरंजीत १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग आला. पुढे वाढलेल्या कापडप्रक्रिया उद्योगाचे रंगीत सांडपाणी पंचगंगेच्या प्रदूषणाचे एक कारण ठरले आणि ही नदी नरसोबाची वाडी येथे कृष्णेस मिळते. प्रयोगशाळेतील शुद्ध द्रावणावर मिळणारे यश अशा सांडपाण्यावर जसेच्या तसे मिळत नाही. विक्रियाशील रंजकांच्या कुंडात सोडा व मीठ भरपूर असते. सामू ८ ते ९ च्या वर असला की ॲल्युमिनाचे पृष्ठ ऋणभारित होऊन रंजकास दूर लोटते, म्हणून पाणी आधी अम्ल घालून उदासीन करावे लागते. सल्फेटेही रंजकाची जागा अडवितात. रंगाने भरलेले ॲल्युमिना दाहक सोड्याने धुतल्यास पुन्हा वापरता येते. परंतु काढलेला रंग तीव्र स्वरूपात त्या थोड्या द्रावात उरतोच. तापवून रंजक जाळता येतो, मात्र भट्टी रंध्रे टिकतील इतपतच तापवावी लागते व तिचे इंधन खर्चात धरावे लागते.