सावली परिसर : धर्मपरंपरा (चंद्रपूर–गडचिरोली)

सावली परिसरातील धर्मपरंपरा : चंद्रपूर जिल्ह्यातील सावली तालुका, त्याच्या भोवतालचे मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी हे तालुके आणि वैनगंगेपलीकडचा गडचिरोली जिल्हा या झाडीमुलखात रुजलेल्या धर्मांचा व पंथांचा वृत्तांत. मोठ्या धर्मांपैकी एकाचाही उगम येथे झालेला नाही. बौद्ध, जैन, शैव, वैष्णव, इस्लाम व ख्रिस्ती हे सर्व बाहेरून आले, येथल्या राजवटींनुसार वाढले किंवा ओसरले. गोंड व माडिया समाजांची पेनपूजा (पेन म्हणजे देव) मात्र याच जंगलांतली असून ती अखंड चालू आहे.

साधने : मेजर लूसी स्मिथ यांचा 1869 चा चांदा (आजचे चंद्रपूर) जिल्ह्याचा जमीनमहसूल अहवाल, अलेक्झांडर कनिंगहॅम यांचे 1873–75 मधील दौऱ्यांचे पुरातत्त्वीय वृत्तांत, 1909 चे चांदा जिल्हा गॅझेटिअर आणि वा. वि. मिराशी यांनी संपादिलेले वाकाटकांचे कोरीव लेख ही मुख्य साधने होत. यांतील पहिली तीन सरकारी कामाच्या ओघात तयार झाली. दगडात कोरलेले व कागदावर उतरलेले त्यांच्या नजरेत भरले. गाण्यांत व कुळकथांत जपलेले बव्हंशी सुटले. प्रस्तुत नोंदीवरही त्याचा परिणाम आहे.

प्राचीन काळ : हिरापूर (ता. चिमूर) येथील महापाषाणयुगीन शिलाकक्ष हा मृतांविषयीच्या विधींचा या भागातील जुना पुरावा. माडिया समाजात मृतांच्या स्मरणार्थ दगड उभे करण्याची चाल आजही आहे, पण या दोहोंत सलग परंपरा जोडणे घाईचे ठरेल.

लेखांकित धर्मेतिहास देवटेक (ता. नागभीड) येथील शिळेपासून सुरू होतो. गावातील जुन्या देवळाजवळ सापडलेल्या या मोठ्या शिळेवर दोन लेख आहेत. पहिला प्राकृत भाषेत व ब्राह्मी लिपीत असून मिराशींच्या मते तो अशोकाच्या काळातील एका धर्ममहामात्राने कोरविला. प्राणी पकडू वा मारू नयेत अशी त्यातील आज्ञा असून मोडणाऱ्यास दंड सांगितला आहे. दुसरा लेख पाच-सहा शतकांनंतरचा, वाकाटक नृपती पहिला रुद्रसेन (चौथे शतक) याचा, संस्कृतात आहे. चिक्कंबुरी येथे आपले धर्मस्थान असल्याचे तो नोंदवितो. हे गाव म्हणजे जवळचेच चिकमारा. नवा लेख कोरताना जुन्याचा काही भाग छिन्नीने काढून टाकला गेला. रुद्रसेन हा महाभैरवाचा निस्सीम भक्त होता, हे वाकाटकांच्या ताम्रपटांवरून निश्चित आहे. त्यामुळे ही खोडाखोड अहिंसेच्या आज्ञेला उद्देशून होती काय, हा प्रश्न अभ्यासकांपुढे आला. घडीव शिळा आयती मिळाली म्हणून वापरली, हा साधा अर्थही तितकाच संभवतो. मौर्य शासनाचा अहिंसेचा आदेश आणि वाकाटकांची शैव निष्ठा एकाच दगडावर वाचता यावी, असे उदाहरण विदर्भात दुसरे नाही. मिराशींचे मत ग्राह्य धरल्यास, अशोकाचा आदेश या जंगलापर्यंत पोचला होता, हेही याच शिळेमुळे कळते. शिळा नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आहे.

बौद्ध व जैन : वैनगंगेच्या वरच्या अंगाला पवनी (जि. भंडारा) येथे शां. भा. देव व ज. प. जोशी यांनी 1969–70 मध्ये केलेल्या उत्खननात मोठा स्तूप उघडकीस आला. नदीच्या वाटेनेच धर्म खाली सरकला असावा. भांदक (भद्रावती) येथील विजासन टेकडीत खोल कोरलेली बौद्ध लेणी असून लांब बोगद्याच्या टोकाशी बसलेल्या बुद्धाची भव्य मूर्ती आहे. सातव्या शतकात चिनी यात्रेकरू युआन श्वांगने पाहिलेली दक्षिण कोसलाची राजधानी कोणती, याविषयी भांदक, वैरागड व छत्तीसगडातील सिरपूर अशी नावे सुचविली गेली. वादाचा निकाल एकमताने लागलेला नाही. भांदक येथेच सापडलेला राष्ट्रकूट पहिला कृष्ण याचा शके 694 (इ. स. 772) चा ताम्रपट सूर्यमंदिरासाठी दिलेल्या गावाची नोंद करतो. सूर्योपासनेचा याहून ठळक पुरावा येथे नाही.

भद्रावतीचे केसरिया पार्श्वनाथ मंदिर हे श्वेतांबर जैनांचे तीर्थ. त्याचे आजचे स्वरूप विसाव्या शतकातील आहे.

शैव स्थापत्य : मार्कंडा (ता. चामोर्शी) हे या खोऱ्यातील सर्वांत महत्त्वाचे धर्मस्थळ मानावे लागेल. वैनगंगा येथे उत्तरेकडे वळण घेते. उत्तरवाहिनी पात्रामुळे स्थानाला काशीचे माहात्म्य चिकटले. एका कोटाच्या आत लहानमोठी वीसहून अधिक मंदिरे होती. कनिंगहॅम यांनी हे आवार 196 फूट लांब व 118 फूट रुंद मोजले व मंदिरांची तुलना खजुराहोशी केली. मुख्य मंदिर मार्कंडेश्वराचे असून त्याच्या बाह्य भिंतींवर देव, दिक्पाल, सुरसुंदरी व मिथुने यांचे थरावर थर आहेत. मार्कंडेय, मृकंड व यमधर्म यांच्या नावांची देवळे एकाच आवारात असल्याने पुराणकथाच दगडात मांडल्यासारखी वाटते. काळ साधारण दहावे ते बारावे शतक. स्थानिक समजुतीत ती ‘हेमाडपंती’ गणली जातात. दगडी देऊळ दिसले की हेमाद्रीचे, ही विदर्भातील जुनी खोड. मार्कंड्याचे काम यादवांच्या त्या प्रधानाआधीचे आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात वीज पडून मुख्य शिखराचा वरचा भाग महामंडपावर कोसळला. अलीकडे पुरातत्त्व खात्याने हाती घेतलेला जीर्णोद्धार, शिखराचे दगड उतरविल्यानंतर, वर्षानुवर्षे रेंगाळला. महाशिवरात्रीला येथे मोठी यात्रा भरते.

वैरागड (ता. आरमोरी) येथे किल्ला व भांडारेश्वराचे देऊळ आहे.

गोंड राजवट : लूसी स्मिथ यांनी दिलेली गोंड राजांची वंशावळ पुढील बहुतेक लेखकांनी तशीच उचलली, तिच्यातील आरंभीच्या पिढ्यांचे काळ सावधपणे घ्यावेत. खांडक्या बल्लाळशहाने बल्लारपुराहून राजधानी चांद्याला हलविली आणि अचलेश्वराच्या कुंडाच्या पाण्याने त्याच्या अंगावरील विकार बरा झाला, अशी आख्यायिका आहे. राणी हिराईने महाकालीचे मंदिर व पती बीरशहाची समाधी बांधली. चैत्रातील महाकालीच्या यात्रेला मराठवाड्यातून, विशेषतः नांदेडकडून भाविक येतात. 1751 मध्ये नागपूरकर भोसल्यांनी हे राज्य घेतले. पेनपूजक राजघराणे शैव-शाक्त देवळे बांधते, यात त्या काळी कोणाला विसंगती वाटलेली दिसत नाही.

पेनपूजा : परसापेन किंवा फडापेन हा गोंडांचा थोर देव, पहांदी पारी कुपार लिंगो हा धर्म व कुळव्यवस्था लावून देणारा आद्य गुरू. चार, पाच, सहा व सात देवांचे असे कुळांचे गट असून एका गटात सोयरीक होत नाही. पेन पेनठाण्यात, बहुधा झाडाखाली असतो. पूजा भुमक करतो, माडियांत पेरमा. कुळकथा परधान समाजाचे गायक किंगरी या वाद्यावर गातात. माघ पौर्णिमेची कचारगड (जि. गोंदिया) व जानेवारीतील सुरजागड (ता. एटापल्ली) येथील ठाकूरदेवाची यात्रा प्रसिद्ध आहे. सुरजागडच्या डोंगरात लोहखनिजाची खाण सुरू झाल्यापासून ठाकूरदेवाचा प्रश्न न्याय व हक्कांच्या भाषेतही मांडला जातो. मोतीरावण कंगाली (1949–2015) यांनी या परंपरेची ‘गोंडी पुनेम’ म्हणून मांडणी केली. इंग्रजी अमदानीतील जनगणनांत अशा समाजांसाठी जडप्राणवादी असा रकाना होता. स्वातंत्र्यानंतर तो गेला. 2011 च्या जनगणनेनुसार गडचिरोलीत अनुसूचित जमाती सुमारे 38.7 टक्के आहेत, मात्र धर्माच्या रकान्यात त्यांतील बहुतेकांची नोंद हिंदू अशी होते. ही नोंद कितपत योग्य, यावर समाजातच दोन मते आहेत.

महानुभाव : पंथप्रवर्तक चक्रधरस्वामींचे शिष्य नीळभट भांडारेकर हे वैनगंगेच्या वरच्या अंगाच्या भंडाऱ्याचे.

इस्लाम : मोगल सरदार दिलेरखान 1667 मध्ये खंडणीसाठी चांद्यावर आला. शहरात मुस्लिम वस्ती जुनी आहे.

ख्रिस्ती : 1870 नंतरच्या दशकात स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चने चांद्याला मिशन सुरू केले. आरंभीच्या कार्यकर्त्यांत नीळकंठशास्त्री गोऱ्हे, म्हणजेच नेहेम्या गोऱ्हे हे होते. पुढे तेथे काम केलेले अलेक्झांडर वुड 1919 मध्ये छोटानागपूरचे व नंतर नागपूरचे बिशप झाले. नागपूरचे पहिले बिशप आयर चॅटर्टन यांच्या गोंडवनावरील पुस्तकात (1916) मिशनची हकीकत येते. मिशनची कागदपत्रे विपुल असली तरी अनुयायी थोडेच राहिले. 1962 पासून केरळच्या सिरो-मलबार चर्चकडे या भागाचे काम आले. 1977 मध्ये चांदा धर्मप्रांत स्थापन झाला. त्याचे केंद्र बल्लारपूरला आहे.

धम्मदीक्षा : डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बौद्ध धम्म स्वीकारला आणि 16 ऑक्टोबरला चंद्रपुरात विराट समुदायाला दीक्षा दिली. दीर्घ खंडानंतर हा धर्म या खोऱ्यात परतला, यावेळी देवटेकच्या शिळेवरच्यासारख्या राजाज्ञेने नव्हे तर लोकांच्या निर्धाराने. चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर दरवर्षी ऑक्टोबरात अनुयायी जमतात.

आधुनिक भक्ती : राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (1909–68) यांनी चिमूरजवळच्या रामदेगीच्या अरण्यात साधना केली. सर्व धर्मांना स्थान देणारी त्यांची सामुदायिक प्रार्थना येथल्या अनेक गावांत नित्य होते.

सावली : गावाची धर्मेतिहासातील नोंद वेगळ्या प्रकारची आहे. खादी उत्पादनाचे केंद्र असलेल्या या गावी 1936 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गांधी सेवा संघाचे अधिवेशन भरले. महात्मा गांधी हजर होते. गांधीवाद नावाची काही वस्तू नाही आणि आपल्यामागे कोणताही संप्रदाय ठेवून जाण्याची आपली इच्छा नाही, असे त्यांनी येथील भाषणात सांगितले. सत्य व अहिंसा ही तत्त्वे आपण नव्याने शोधलेली नाहीत, हा त्यांचा मुद्दा होता. चार वर्षांनी, 1940 मध्ये, बंगालमधील मालिकांदा येथील अधिवेशनात गांधींच्याच सल्ल्याने संघाचे काम आवरते घेण्यात आले.