जागेपणीचा विठ्ठल

बाकावर जरा सरकून बसा. साल १९२८, गिरणगावाजवळचं एक थिएटर, चार आण्यांची जागा. शेजारी गिरणीतून परस्पर आलेले दोघे जण आहेत. त्यांच्या डोक्यावर, भुवयांवर कापसाची तूस अजून तशीच आहे. पडद्याखाली पेटीवाला आणि तबलजी बसलेत. पडद्यावर पाटी आली की मागच्या रांगेतला एक जण ती मोठ्यानं वाचून दाखवतो, कारण तुमच्या आसपासच्या बहुतेकांना वाचता येत नाही. पण थोड्या वेळानं तोही वाचायचा थांबतो. आता पाट्यांची गरजच उरलेली नाही. विठ्ठल आलाय.

तो तटावर उभा आहे. कमरेला तलवार, खाली चार-पाच शिपाई. तो उडी घेतो आणि अख्खं थिएटर बाकांवर उभं राहतं. तबलजी मान वर करून पडद्याकडे बघतो, त्याचे हात आपोआप द्रुत लयीत जातात. कॅमेरा हातानं फिरवायचा असतो. मारामारीच्या वेळी तो जरा सावकाश फिरवला की पडद्यावर चपळाई वाढते, ही युक्ती सगळ्यांनाच ठाऊक. पण देहात मुळात तोल आणि डौल नसेल तर त्या युक्तीनं माणूस फक्त घाईत असल्यासारखा दिसतो. विठ्ठल घाईत दिसत नाही. उडी मारून जमिनीवर टेकताना त्याचे गुडघे किती मऊ होतात बघा. तो कधीकाळी नाचलेला माणूस आहे.

ते पाहायचं तर चार वर्षं मागं, कोल्हापूरला चला. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी. इथं सुतार, रंगारी, नट आणि यंत्रं दुरुस्त करणारे सगळे एकाच अंगणात वावरतात. मालकानं कॅमेरासुद्धा स्वतः तयार केलेला. याच कंपनीत शांताराम वणकुद्रे नावाचा एक तरुण पडेल ते काम करतोय. पुढे जग त्याला व्ही. शांताराम म्हणेल. आणि विठ्ठल? अठरा वर्षांचा हा मुलगा लहानपणी राजापूरकर नाटक मंडळीत काम करून आलेला. इथं त्याच्या हातात कात्री आहे. फिल्मचे तुकडे उजेडात धरून बघायचे, कापायचे, जोडायचे. अधूनमधून कुणी कमी पडलं की कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं. १९२४च्या ‘कल्याण खजिना’त तो पडद्यावर येतो तो नर्तकी होऊन, साडी नेसून.

मला त्याच्या आयुष्यातला हा भाग फार मोलाचा वाटतो. हालचाल नेमकी कुठं सुरू होते आणि कुठं तोडली म्हणजे प्रेक्षकाचा श्वास अडकतो, हे त्यानं कापण्याच्या टेबलावर पाहिलेलं असणार. नट म्हणून उभा राहण्याआधी त्यानं चित्रपट बोटांनी हाताळला होता.

मग मुंबई. १९२५मध्ये भोगीलाल दवे आणि नानूभाई देसाई यांनी शारदा फिल्म कंपनी काढली. दवे न्यूयॉर्कला छायाचित्रण शिकून आलेले. त्याच सुमाराला अमेरिकन नट डग्लस फेअरबँक्सचा ‘थीफ ऑफ बगदाद’ इथल्या थिएटरांत धो धो चालला होता. आपल्याकडेही असा उड्या मारणारा नायक हवा, हे शारदाच्या मालकांनी हेरलं. १९२६मध्ये ‘रतन मंजिरी’त विठ्ठल नायक झाला आणि पुढे एकामागून एक स्टंटपट येत गेले. जाहिरातींत त्याला भारताचा डग्लस फेअरबँक्स म्हणू लागले. शिकलेली मंडळी या चित्रपटांना नाकं मुरडत. पौराणिक म्हणजे संस्कार, सामाजिक म्हणजे विचार, आणि स्टंट म्हणजे हमालांची करमणूक, अशी ही उतरंड होती. तुम्ही आत्ता ज्या बाकावरून उठून आलात तिथं मात्र उतरंड उलटी होती. दिवसभर यंत्रापुढं एकच हालचाल करणाऱ्या माणसांसमोर कुणीतरी भिंत ओलांडून जात होतं. ही करमणूक हलकी नव्हती, असं माझं ठाम मत आहे.

आता १९३१च्या सुरुवातीला या. ग्रँट रोडजवळ केनेडी पुलाच्या बाजूला ज्योती स्टुडिओ आहे. मध्यरात्र उलटून गेली आहे. स्टुडिओला लागूनच रेल्वेचे रूळ आहेत आणि दिवसभर गाड्यांचा खडखडाट असतो, म्हणून शूटिंग रात्री एकनंतर, चारच्या आत. दारं बंद, खिडक्या बंद, पंखे नाहीत. वरून दिव्यांची आग. घामानं नटांचा रंग ओघळतोय आणि कुणी खोकायचंही नाही. अर्देशीर इराणी हिंदुस्थानातला पहिला बोलपट, ‘आलम आरा’, करतायत, तोही गुपचूप, कारण कलकत्त्याचे मादनवाले याच शर्यतीत आहेत. तानार नावाचं ध्वनिमुद्रण यंत्र आलंय. ते बसवायला विल्फोर्ड डेमिंग नावाचा अमेरिकन तंत्रज्ञ आला. त्याचा दिवसाचा मोबदला परवडेना, तेव्हा इराणींनी स्वतःच ते यंत्र शिकून घेतलं. हे यंत्र चित्र आणि आवाज एकाच फिल्मवर टिपतं, त्यामुळं बोलणं चुकलं की ते कापून सुधारता येत नाही. कात्री धरलेल्या विठ्ठलला याचा अर्थ इतर कुणाहूनही लवकर कळला असेल.

नायकासाठी आधी मेहबूब खान नावाच्या होतकरू मुलाचा विचार होता. मग नाव हवं म्हणून विठ्ठलला आणलं. शारदाशी करार असताना तो बाहेर पडला म्हणून कंपनीनं त्याला कोर्टात खेचलं. त्याच्या बाजूनं उभे राहिलेले वकील होते बॅरिस्टर महमद अली जिना. खटला विठ्ठलनं जिंकला. स्टंटपटाच्या नटासाठी त्या काळातला एवढा मोठा बॅरिस्टर उभा राहतो, यावरून त्याची बाजारातली किंमत ओळखा.

आणि एवढं करून जिंकलेला तो माणूस इथं सेटवर काय करतोय बघा. पडून आहे. ‘आलम आरा’तल्या राजपुत्राचा प्राण एका माळेशी बांधलेला, बराच काळ तो निश्चेष्ट किंवा गुंगीत. विठ्ठलचं उर्दू कच्चं होतं, संवाद जमेनात, म्हणून त्याला जास्तीत जास्त वेळ अर्धवट शुद्धीत ठेवला, असं चित्रपटाच्या इतिहासात सांगतात. माइक आड दडवलेला आहे, त्याच्यापासून दूर जाता येत नाही. झुबेदा बोलते, पृथ्वीराज कपूर बोलतो. डब्ल्यू. एम. खान फकिराचं गाणं गातो, तेही पेटी, तबला आणि व्हायोलिन एवढ्याच साथीवर. विठ्ठलचं उर्दू हे अर्धंच कारण आहे. त्या माइकसमोर कुणालाही उडी मारता आली नसती.

१४ मार्च १९३१, शनिवार. गिरगावातलं मॅजेस्टिक. सकाळपासून रेटारेटी चाललीय. गांधी-आयर्विन करार होऊन नऊ दिवस झालेत, भगतसिंगांच्या फाशीला नऊ दिवस उरलेत. शहर तसंही तापलेलं आहे. पोलीस बोलवावे लागलेत. चार आण्यांचं तिकीट काळ्या बाजारात चार-पाच रुपयांना जातंय. तुम्ही कसेबसे आत शिरता. पेटीवाला नाही, तबलजी नाही, पडद्याखालची जागा रिकामी आहे. पाटी वाचणाराही नाही. पडदा बोलायला लागतो आणि लोक अवाक होतात. आठ आठवडे हा खेळ भरलेला राहील.

तुमच्या शेजारी तेच दोघे बसलेत असं समजा. ते विठ्ठलची वाट बघतायत. तो समोरच आहे.

यानंतरचं भरभर सांगतो. विठ्ठल लगेच संपला नाही. तो काम करत राहिला, काही चित्रपट दिग्दर्शितही केले. मराठी चित्रपटांत भूमिका येत राहिल्या, पण नाव श्रेयनामावलीत खाली सरकत गेलं. १९६६पर्यंत तो पडद्यावर दिसत होता. १९६९ साली वारला. नायक म्हणून त्याचे खरे बहराचे दिवस जेमतेम पाच वर्षांचे. आज प्रश्नमंजूषेत त्याचं नाव येतं ते पहिल्या बोलपटाचा नायक म्हणून, आणि पुढच्याच वाक्यात त्याला बोलता येत नव्हतं हेही येतं. गवयाबद्दल त्याला घोड्यावर बसता येत नव्हतं एवढंच सांगावं, तसा हा अन्याय आहे.

त्यातही ‘आलम आरा’ आज कुठेच नाही. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर शोधत इराणींच्या घरापर्यंत गेले, पण हाती काही लागलं नाही. जुन्या फिल्ममध्ये चांदी असायची. ती काढण्यासाठी कित्येकांनी रिळं विकून टाकली. मूकपट हजाराहून अधिक निघाले, आज शिल्लक आहेत ते फार थोडे, त्यांतलेही बरेच तुकड्यांत. मोठमोठ्या नावांचे राहिले नाहीत, तिथं गिरणी कामगारांच्या स्टंटपटांना कोण जपणार?

म्हणून परत निघण्याआधी एक काम करा. शारदाच्या कपाटांपाशी थांबा. एकच रीळ उचलायची मुभा मिळाली, तर ‘आलम आरा’च्या मागे लागू नका, त्याच्यासाठी शोधणारे पुष्कळ आहेत. १९२६ ते १९३० मधलं कुठलंही रीळ घ्या, नाव पुसलेलं असलं तरी चालेल. ज्यात तो जागा आहे असं एक तरी आपल्याकडे असू द्या.