हर्डमानियाची कुळी

ठाणे, कल्याण किंवा डोंबिवलीत ज्यांनी बीएस्सीला प्राणिशास्त्र घेतलं होतं, त्यांची हर्डमानियाशी ओळख प्रयोगशाळेच्या कपाटातली. फॉर्मॅलिनची बरणी, तिच्यात बटाट्याएवढा फिकट गोळा, अंगाला वाळू आणि वर दोन तोंडं. एका तोंडातून पाणी आत, दुसऱ्यातून बाहेर. मधल्या जाळीदार घशात श्वासही होतो आणि अन्नही गाळलं जातं. तो खाडीतला नव्हे, उघड्या समुद्राचा. तळाच्या खडकावर नाहीतर चक्क जिवंत शंखाच्या पाठीवर बसून राहतो.

लिनियसने असल्या प्राण्यांना सरसकट कृमींत ढकललं. क्युव्हिएने 1815 मध्ये त्यांची नीट चिरफाड केली, तरी शिंपल्या-कालवांतून त्यांना बाहेर काढलं नाही. पुढच्याच वर्षी सॅव्हिनीने आपल्या प्राण्याला पहिलं नाव दिलं, सिंथिया मोमस. सॅव्हिनी 1798 मध्ये नेपोलियनच्या मोहिमेबरोबर इजिप्तला गेला होता आणि हा प्राणी त्याला सुएझच्या आखाताने दिला. नाव टिकलं मात्र अर्धंच. सिंथिया हे नाव फॅब्रिशियसने 1807 मध्येच एका फुलपाखराला देऊन ठेवलं होतं, आणि नावांच्या या कारभारात आधी येईल त्याचा हक्क. 1878 मध्ये हेलरने पॅलिडा ही जात वर्णिली. 1888 मध्ये लाहीयने लिव्हरपूलच्या विल्यम हर्डमन या प्राणिशास्त्रज्ञाचा मान राखून हर्डमानिया ही प्रजाती उभी केली. गंमत म्हणजे खुद्द हर्डमन तिला रॅब्डोसिंथिया म्हणत असे! लाहीयचं नाव आधीचं, म्हणून हर्डमनचं नाव राहिलं आणि त्याने दिलेलं गेलं.

या प्रजातीची खरी खूण तिच्या अंगातल्या चुनखडीच्या काट्यांत आहे. प्रात्यक्षिकाला पोरं ते काटेच वेगळे काढत. आवरणाखालच्या मांसल थराचा तुकडा कॉस्टिक पोटॅशमध्ये उकळायचा, मांस विरघळलं की गाळ धुऊन काचपट्टीवर घ्यायचा. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हीकडे निमुळते होत गेलेले काटे दिसतात, अंगभर बारीक दातेऱ्यांची कडी ल्यालेले. बाहेरच्या जाड आवरणातले काटे याहून पुष्कळ लहान. 1975 मध्ये लोवेनस्टॅम आणि अ‍ॅबट यांना हर्डमानियाच्या काट्यांत व्हॅटेराइट सापडलं. चुनखडीचं हे अस्थिर रूप सहसा टिकत नाही. हा प्राणी ते अंगात बाळगून असतो.

तोंडी परीक्षेतला ठरलेला प्रश्न असे: कणा नाही, मग हा पृष्ठरज्जूवाल्या कॉर्डेटांत कसा? उत्तर 1866 चं आहे. रशियन कोवालेव्हस्कीने समुद्रपिचकाऱ्यांच्या, म्हणजे हर्डमानियाच्याच गटातल्या प्राण्यांच्या, पोहणाऱ्या पिल्लांच्या शेपटीत पृष्ठरज्जू दाखवला. पिल्लू खडकाला चिकटलं की शेपूट जिरते आणि पृष्ठरज्जूही जातो. म्हणजे कुळाचा पुरावा बालपणीच नाहीसा होतो, आणि मोठ्यांना बघून वर्गीकरण करणारे इतकी वर्षं फसले, यात नवल नाही. 2006 मध्ये जनुकांच्या तुलनेने नातं आणखी जवळ आणलं. आपले, म्हणजे कणा असलेल्या प्राण्यांचे, सर्वांत जवळचे भाऊबंद माशासारखे दिसणारे अ‍ॅम्फिऑक्सस नव्हेत, या समुद्रपिचकाऱ्यांचा गटच.

भारतात त्याला वर्गात आणलं एस. एम. दास यांनी. लखनौहून निघणाऱ्या प्राणिशास्त्रीय पुस्तिकांच्या मालेत त्यांची हर्डमानियावरची पुस्तिका 1936 मध्ये आली. गांडूळ, झुरळ, बेडूक यांच्याबरोबर हाही मग पाठ्यपुस्तकांतून घोकला गेला, आणि समुद्रावर कधी न दिसलेला प्राणी कल्याणच्या पोराला आतड्याच्या वळणासकट काढता येऊ लागला.

जातीचा घोळ मात्र सुरूच राहिला. मध्यंतरी पॅलिडा म्हणजे मोमसचाच एक प्रकार असं मानत. 2002 मध्ये ऑस्ट्रेलियात पॅट्रिशिया कॉट आणि जपानात निशिकावा यांनी ही प्रजाती नव्याने तपासली आणि एका मोमसखाली गोळा झालेल्या जाती पुन्हा वेगळ्या काढल्या. जुन्या बरण्यांवरच्या चिठ्ठ्या त्यामुळे पुन्हा पडताळण्याजोग्या झाल्या आहेत. त्यात एक अडचण आहे. फॉर्मॅलिन वर्षानुवर्षं तसंच राहिलं की आंबट होतं, आणि आम्लात चुनखडीचे काटे विरघळतात.