कीर्द, आणेवारी आणि स्प्रेडशीट

आपला जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्याच वर्षी १२ ऑगस्टला अमेरिकेत आयबीएम कंपनीने आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला. म्हणजे जिल्हा आणि ते यंत्र एकाच वयाचे. आज ह्या दोघांची गोष्ट एकत्र सांगायची आहे. हल्ली आम्हाला लोक विचारतात, "सर, मोठ्या एक्सेल फाइलसाठी कोणता कॉम्प्युटर घ्यावा?" तत्त्वज्ञान शिकवणाऱ्याला हे का विचारायचे? तर ह्या बाबतीत आम्ही एकदा चारचौघांत तोंडघशी पडलो आहोत, म्हणून. ते पुढे येईलच.

मराठवाड्यात मोठा हिशेब म्हणजे दुष्काळाचा हिशेब. पीक सोळा आणे म्हणजे पुरे, आठ आणे म्हणजे निम्मे. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, आणा गेला, पण 'आणेवारी' हा शब्द राहिला; सरकारी कागदावर ती 'पैसेवारी' झाली. नजर, सुधारित आणि अंतिम, अशा तीन पायऱ्यांनी ती ठरते. पूर्वी ती पन्नास पैशांच्या आत आली की साऱ्यात सूट, कर्जवसुलीला स्थगिती, पोरांची परीक्षा फी माफ होत असे. एका आकड्यावर एवढे सगळे.

हा आकडा अंदाजाने काढायचा की मोजून, यावर १९४०च्या दशकात मोठे काम झाले. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी शेते निवडून पीककापणी करण्याची पद्धत देशभर रुजवली. तिकडे बंगालात महालनोबीस लहान तुकडे कापत. सुखात्मे म्हणत, तुकडा मोठा घ्या. लहान तुकड्यात कडेवरचे ताट आत धरायचे की बाहेर, यात माणूस चुकतो, आणि बहुधा आत धरतो. मग उत्पन्न फुगते. ही चूक बेरजेच्या आधीची आहे, बरं का. कोणतेही यंत्र ती दुरुस्त करत नाही.

आता यंत्राकडे येऊ. १९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी व्हिसिकॅल्क बाजारात आणले. फळ्यावरच्या तक्त्यात एक आकडा बदलला की बाकीचे सगळे पुसून पुन्हा लिहावे लागत, ह्या त्रासातून ती कल्पना निघाली. त्यात २५४ ओळी, ६३ रकाने. ते ओळीने किंवा रकान्याने गणित करी; आधीचे उत्तर पुढच्या घरावर अवलंबून असेल तर पुन्हा पुन्हा गणित करवून घ्यावे लागे. १९८३च्या लोटस वन-टू-थ्रीने आधी कोणते घर लागते ते पाहून क्रम लावला. पुढे एक्सेलने फक्त बदललेली घरे आणि त्यांच्यावर अवलंबून असलेली घरेच पुन्हा मोजायला सुरुवात केली. म्हणजे वेग नुसत्या यंत्रातून आला नाही. काय मोजायचे नाही, हे ठरवण्यातूनही आला.

आता आमची फजिती. २०१४ साली आम्ही काही निवृत्त मंडळींनी आठ तालुक्यांच्या गावांचा रोजचा पाऊस एकत्र केला. १ जानेवारी १९९० ते ३१ डिसेंबर २०१३, म्हणजे ८,७६६ दिवस. आठाने गुणा : ७०,१२८ ओळी. आमच्याकडे जुना कॉम्प्युटर आणि २००३चे एक्सेल. त्याची वही ६५,५३६ ओळींची. फाइल पूर्ण आली नाही, असा इशारा पडद्यावर आला होता. आम्ही 'ओके' दाबले आणि पुढे गेलो. मग मोसंबीवाल्या शेतकऱ्यांपुढे मोठ्या थाटात सरासऱ्या मांडल्या. मागून एक काका उठले. "सर, तुमच्या यादीत बाराचा पावसाळा कुठंय?"

नव्हताच! शीर्षकाची एक ओळ धरून यादी ५ जून २०१२ला तुटली होती. ज्या पावसाळ्यानंतर जालन्यातल्या मोसंबीच्या बागा लोकांनी टँकरने जगवल्या, नाहीतर कुऱ्हाडीने तोडल्या, नेमका तोच गळला होता. ४,५९३ ओळी गेल्या, आणि त्या ज्यांच्या होत्या तीच माणसे समोर बसली होती. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडमध्ये ह्याच मर्यादेने सुमारे १६ हजार कोविड रुग्णांची नोंद वेळेवर पुढे गेली नाही, तेव्हा आम्हाला ते काका आठवले.

मग आम्ही नवा कॉम्प्युटर घेतला. २००७ पासूनच्या एक्सेलमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात, त्यामुळे यादी पूर्ण बसली. पण गणित सुरू केले की यंत्र गोठायचे. आम्ही चहा पिऊन यायचो. कारण काय? १ जूनपासूनचा एकूण पाऊस काढायला आम्ही प्रत्येक ओळीत सूत्र घातले होते : वरच्या सगळ्या ओळी तपास, ह्या तालुक्याच्या, ह्या पावसाळ्याच्या निवड, बेरीज कर. सत्तर हजार ओळी, प्रत्येकीमागे सरासरी पस्तीस हजार ओळींची तपासणी. म्हणजे २४५ कोटी!

आमच्यातल्या एकाचे वडील मोंढ्यात मुनीम होते. तो म्हणाला, "आमचे अण्णा रोज कीर्द लिहायचे. दिवाळीपासूनची बेरीज रोज पहिल्या पानापासून करायचे का? मागील बाकी पुढे ओढायची, आजचे मिळवायचे." आम्ही यादी आधी तालुक्याने आणि मग तारखेने लावली (सगळे रकाने निवडून, नाहीतर एकाचा पाऊस दुसऱ्याला!). सूत्र केले : वरच्या ओळीतली बेरीज अधिक आजचा पाऊस, १ जूनला नव्याने सुरुवात. २४५ कोटींच्या जागी सत्तर हजार बेरजा. बोट उचलायच्या आत उत्तर.

तेव्हा कॉम्प्युटर घ्यायच्या आधी आपला हिशेब कुठे अडतो ते पाहा. रोज उघडल्याबरोबर बदलणारी सूत्रे, उदाहरणार्थ 'आजची तारीख', हजारो घरांत न घालता एका घरात ठेवा. झालेल्या वर्षांची सूत्रे काढून नुसते आकडे ठेवा, मूळ प्रत वेगळी जपून. स्वयंचलित गणना बंद ठेवून एफ-नाइनने हवी तेव्हा गणना करा; फक्त ती करायला विसरू नका, नाहीतर शिळा आकडा वाचाल. ओळी दहा लाखांकडे निघाल्या तर स्प्रेडशीट सोडा, डेटाबेस धरा.

एवढे करूनही अडले, तर यंत्र बदला. यंत्र आणि एक्सेल दोन्ही ६४ बिटांचे हवे, नाहीतर जास्तीची रॅम वापरलीच जात नाही. रॅम १६ जीबी पुष्कळ झाली. प्रोसेसरचे कोअर मोजण्याआधी एका कोअरचा वेग पाहा, कारण मागील बाकीवर अवलंबून असलेली साखळी दहा जणांत वाटता येत नाही. आठ तालुक्यांचे वेगळे हिशेब मात्र वाटता येतात. एसएसडीने फाइल लवकर उघडते, गणित लवकर होत नाही. गेमच्या कार्डावर पैसे घालू नका. आणि मे महिन्यात आपल्याकडे पातळ लॅपटॉप तापून मंदावतो. घरीच काम असेल तर टेबलावरचा घ्या, सोबत यूपीएस.

दुसऱ्या वर्षी आम्ही पूर्ण यादी घेऊन त्याच गावी गेलो. आता पहिल्या पानावर दोनच आकडे असतात : किती ओळी आल्या, किती ओळी मोजल्या. काकांनी आधी तेच पान मागितले.

प्रश्न असतील तर घेऊ.