थकलेल्या टी पेशींचा शोध : एका उंदराच्या विषाणूपासून कर्करोगाच्या औषधापर्यंत

सर्दी-पडशाचा विषाणू आठवड्याभरात शरीरातून हद्दपार होतो. हेपटायटिस-बी किंवा एचआयव्ही मात्र वर्षानुवर्षे मुक्काम ठोकून बसतात. प्रतिकारशक्ती तीच, तिच्या टी पेशीही त्याच. मग एका लढाईत विजय आणि दुसरीत हतबलता का? या प्रश्नाचा उलगडा होण्यास सत्तरहून अधिक वर्षे लागली. उत्तर हाती आले तेव्हा त्याचा सर्वांत मोठा लाभ विषाणूच्या रुग्णांऐवजी कर्करोगाच्या रुग्णांना झाला. या दीर्घ शोधकथेच्या मध्यभागी हैदराबादेत जन्मलेले प्रतिकारशास्त्रज्ञ रफी अहमद यांचे नाव आहे.

कथेचा आरंभ १९३३ साली अमेरिकेतील सेंट लुईस शहरात होतो. तेथे मेंदूज्वराची साथ पसरली होती. त्या साथीतील नमुन्यांवर काम करताना चार्ल्स आर्मस्ट्राँग यांना एक निराळाच विषाणू सापडला. त्याचे लांबलचक नाव पुढे ‘एलसीएमव्ही’ असे आटोपशीर झाले. हा मुळात उंदरांचा विषाणू. लवकरच एरिक ट्राऊब यांनी प्रयोगशाळेतील उंदरांमध्ये एक चमत्कारिक गोष्ट टिपली. आईच्या पोटातच ज्या पिलांना लागण झाली, ती पिले जन्मभर विषाणू अंगात बाळगूनही धडधाकट राहत. मोठ्या उंदराच्या मेंदूत तोच विषाणू टोचला, तर मात्र तो दगावे. विषाणू एकच, परिणाम परस्परविरुद्ध.

याचा अर्थ असा की उंदीर मरतो तो केवळ विषाणूमुळे नव्हे. त्याची स्वतःची प्रतिकारशक्ती विषाणूबाधित पेशींवर तुटून पडते आणि त्या हल्ल्यातच मेंदूची हानी होते. मॅकफार्लेन बर्नेट आणि फ्रँक फेनर यांनी १९४९ साली ‘प्रतिकार-सहिष्णुते’ची कल्पना मांडताना ट्राऊब यांच्या उंदरांचा आधार घेतला. पुढे १९७३-७४ साली ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे पीटर डोहर्टी आणि रॉल्फ झिंकरनागेल यांनी याच विषाणूच्या साहाय्याने टी पेशी बाधित पेशीला नेमकी कशी ओळखते, हे दाखवून दिले. त्या कामाला १९९६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसांत क्वचितच आढळणारा हा विषाणू प्रतिकारशास्त्राची जणू पाठशाळाच ठरला.

रफी अहमद यांचे शिक्षण उस्मानिया विद्यापीठात झाले. पुढे ते अमेरिकेत गेले आणि हार्वर्डमधून डॉक्टरेट मिळवून कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स संस्थेत मायकेल ओल्डस्टोन यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. जन्मापासून विषाणू बाळगणाऱ्या उंदरांच्या प्लीहेतून त्यांनी विषाणूचे वेगवेगळे वाण अलग केले. त्यांपैकी ‘क्लोन १३’ या वाणाने इतिहास घडवला. मूळ ‘आर्मस्ट्राँग’ वाण प्रौढ उंदराला टोचला, तर टी पेशी साधारण आठ दिवसांत त्याचा निकाल लावत. क्लोन १३ मात्र त्याच जातीच्या निरोगी उंदरात महिनोन्महिने ठाण मांडून बसे. दोन्ही वाणांच्या प्रथिनांत मोजकेच फरक होते. १९८४ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि शास्त्रज्ञांना एक अमोल साधन मिळाले. एकाच जातीचे उंदीर, जवळजवळ एकच विषाणू, पण एका बाजूला अल्पकालीन आजार आणि दुसऱ्या बाजूला दीर्घकालीन. आता दोहोंतील टी पेशींची थेट तुलना शक्य झाली.

दीर्घकालीन संसर्गात टी पेशींचे नेमके काय होते? १९९३ साली झिंकरनागेल यांच्या गटाने उत्तराचा एक भाग दिला. विषाणूचे प्रमाण फार मोठे असेल, तर त्याच्याशी लढणाऱ्या पेशीमारक टी पेशी आधी सक्रिय होतात आणि मग नाहीशा होतात. या अवस्थेला त्यांनी ‘थकवा’ असा शब्द वापरला. परंतु या पेशी खरोखरच नाहीशा होतात, की केवळ काम थांबवतात? त्या काळी पेशी मोजण्याची रीत अशी होती की जी पेशी काम करते तीच दिसते. निष्क्रिय पेशी मोजणीतून निसटून जात.

१९९६ साली विशिष्ट विषाणूला ओळखणाऱ्या टी पेशी तिच्या ग्राहीवरूनच रंगवून मोजण्याचे तंत्र आले आणि चित्र पालटले. तोवर अहमद अटलांटातील एमरी विद्यापीठात आले होते. तेथे १९९८ साली काजा मुरली-कृष्ण आणि सहकाऱ्यांनी दाखवले की अल्पकालीन संसर्गाच्या ऐन भरात उंदराच्या प्लीहेतील सक्रिय मारक टी पेशींपैकी निम्म्याहून अधिक पेशी त्या एकाच विषाणूविरुद्ध तयार झालेल्या असतात. त्याच वर्षी त्याच प्रयोगशाळेतील ॲलन झायॅक यांना दीर्घकालीन संसर्गात याहून महत्त्वाची गोष्ट आढळली. काही टी पेशी खरोखर नष्ट होतात; पण काही जिवंत राहतात, विषाणूला ओळखतात आणि तरीही त्याच्यावर वार करत नाहीत. सैनिक रणांगणात उभा होता, त्याचे हात मात्र बांधलेले होते.

हात बांधणारा दोर कोणता, हे २००६ साली उघड झाले. थकलेल्या आणि कार्यक्षम पेशींतील जनुकांची तुलना करताना एक जनुक ठळकपणे समोर आले : पीडी-१. जपानमधील तासुकू होन्जो यांच्या गटाने ते १९९२ सालीच शोधले होते आणि ते प्रतिकारशक्तीला लगाम घालते, हेही पुढे सिद्ध केले होते. डॅनियल बार्बर, जॉन वेरी, रफी अहमद आणि सहकाऱ्यांनी क्लोन १३ ने बाधित उंदरांना हा लगाम अडवणारे प्रतिपिंड दिले. थकलेल्या टी पेशी पुन्हा कामाला लागल्या आणि विषाणूचे प्रमाण घटले. त्याच वर्षी एचआयव्हीबाधित माणसांच्या टी पेशींवरही पीडी-१ वाढलेले आढळले.

याच शोधनिबंधात एक इशाराही होता. पीडी-१ ला जोडणारा रेणूच ज्यांच्यात जन्मतः नव्हता, असे उंदीर क्लोन १३ च्या संसर्गाने मेले. लगाम नसलेल्या टी पेशींनी स्वतःच्याच शरीराची नासधूस केली. ट्राऊब यांच्या उंदरांचा धडा येथे नव्याने समोर आला. विषाणू हटत नसेल, तर अखंड युद्धापेक्षा तडजोड बरी. थकवा हा प्रतिकारशक्तीचा केवळ पराभव नाही, तो शरीर वाचवण्याचा उपायही आहे. म्हणूनच हा लगाम सैल करणाऱ्या औषधांमुळे काही रुग्णांत आतडे, फुप्फुस किंवा अंतःस्रावी ग्रंथींना सूज येते.

कर्करोगाची गाठही टी पेशींपुढे महिनोन्महिने तेच प्रतिजन मांडत राहते, आणि तेथेही त्या थकतात. पीडी-१ अडवणारी औषधे २०१४ पासून वापरात आली. २०१८ चे नोबेल होन्जो आणि जेम्स ॲलिसन यांना मिळाले. २०१६ साली अहमद यांच्या गटाने आणखी एक गोष्ट उलगडली : या औषधांनी जाग्या होतात त्या पूर्ण थकलेल्या पेशी नव्हेत, तर त्यांच्यातील मूलपेशीसारख्या, राखीव दलात राहिलेल्या थोड्या टी पेशी. पूर्ण थकलेल्या पेशींच्या डीएनएच्या मांडणीवरच थकव्याचा ठसा उमटलेला असतो आणि तो सहजी पुसत नाही. औषधाचा गुण काहींना येतो आणि काहींना येत नाही, याचे एक कारण येथे सापडते.

भारतासाठी या संशोधनाचे दोन पैलू महत्त्वाचे आहेत. पहिला औषधांच्या किमतीचा. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डोके व मानेच्या प्रगत कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. नेहमीच्या तोंडावाटे घ्यायच्या औषधांना निव्होलुमॅबच्या अवघ्या २० मिलिग्रॅम मात्रेची, दर तीन आठवड्यांनी, जोड दिली गेली. प्रचलित मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम असते. एका वर्षानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. ज्यांना पूर्ण मात्रा कधीच परवडणार नव्हती, त्यांच्यासाठी हा आकडा मोलाचा आहे.

दुसरा पैलू मूळ प्रश्नाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात सुमारे २.९८ कोटी लोकांना दीर्घकालीन हेपटायटिस-बी होता. जन्मताच दिलेली लस हा आजार बऱ्याच अंशी टाळते. पण एकदा जडलेला संसर्ग समूळ घालवणारा उपचार अजून नाही, आणि थकलेल्या टी पेशी हे त्यामागील एक मोठे कारण आहे. जेवढा लगाम सैल केल्यावर विषाणू जाईल आणि यकृत मात्र शाबूत राहील, ती मात्रा शोधणे बाकी आहे. उंदराच्या विषाणूने विचारलेला प्रश्न माणसाच्या यकृतापाशी येऊन उभा आहे.