कर्णनाद आणि कानातली ध्वनियंत्रे

बाहेर कोणताही आवाज नसताना कानात किंवा डोक्यात शिट्टी, गुणगुण, किर्र किंवा घोंघाट ऐकू येणे, म्हणजेच आधुनिक वैद्यक जिला टिनिटस म्हणते ती अवस्था, भारतीय वैद्यकाच्या फार जुन्या परिचयाची आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे २८ रोग सांगितले असून त्यांत प्रणाद, म्हणजे कर्णनाद, आणि कर्णक्ष्वेड हे दोन वेगळे रोग मोजले आहेत. शब्द वाहून नेणाऱ्या नाड्यांमध्ये वायू आडमार्गाने शिरला की माणसाला नाना प्रकारचे आवाज ऐकू येतात, असे सुश्रुताचे निदान आहे. पुढे माधवनिदानात कर्णनादाला भेरी, मृदंग आणि शंख यांच्या ध्वनीची, तर क्ष्वेडाला वेणूच्या स्वराची उपमा दिलेली आढळते. गंभीर घोष आणि बारीक शिट्टी हा भेद आजचे श्रवणतज्ज्ञही रुग्णाला विचारून नोंदवतात, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या निरीक्षणाची सूक्ष्मता कळते. मात्र क्ष्वेडाची कारणे सांगताना सुश्रुत श्रम, धातुक्षय, रूक्ष आणि तुरट आहार, थंडीचे सेवन यांचा उल्लेख करतो; मोठ्या आवाजाचा त्या यादीत मागमूस नाही. कानाला आवाजानेच इजा होते आणि त्या इजेतून न थांबणारा नाद उरतो, ही जाणीव पुढे यायला धातू ठोकणाऱ्या कारागिरांची वस्ती आणि तिच्याकडे वैद्याच्या नजरेने पाहणारा माणूस, या दोहोंची गाठ पडावी लागली.

ही गाठ इटलीत पडली. मोडेना येथील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० मध्ये कारागिरांच्या रोगांवर लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्याची वाढवलेली आवृत्ती १७१३ मध्ये निघाली. रुग्णाला त्याचा धंदा विचारावा, हा आज साधा वाटणारा नियम वैद्यकात रूढ करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. व्हेनिसमध्ये तांबट एका ठरावीक वस्तीत राहत आणि दिवसभर जमिनीवर बसून तांब्याचा पत्रा हातोडीने ठोकत. त्यांची श्रवणशक्ती प्रथम मंद होते आणि म्हातारपणी ते ठार बहिरे होतात, असे रामाझ्झिनींनी नोंदवले. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना हे वर्णन परके वाटणार नाही. भांडे घडून झाल्यावर त्याच्या अंगावर हातोडीचे सारखे, दाट ठोके उमटवण्याचे जे माठारकाम तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले, त्यात कारागिराचा कान आणि ठोक्याची जागा यांत हाताच्या लांबीइतकेही अंतर नसते. कारागिरीचे कौतुक करणारे लेखन मराठीत पुष्कळ आहे, पण तिची किंमत कारागिराच्या कोणत्या इंद्रियाने मोजली याची चौकशी तुलनेने फार थोडी झाली आहे.

निरीक्षणाकडून मोजमापाकडे जाण्याचे काम ग्लासगोचे कर्णवैद्य टॉमस बार यांनी १८८६ मध्ये केले. त्या काळी बॉयलरचे जाड पत्रे रिवेटने जोडले जात. तापवून लाल केलेला रिवेट छिद्रातून घातला, की बाहेरचा कामगार त्यावर घण घाली आणि आत शिरलेला त्याचा जोडीदार दुसऱ्या टोकाला जड हातोडा टेकवून तो रेटून धरी, त्यामुळे लोखंडी पोकळीत कोंडलेल्या त्या माणसाच्या अगदी जवळ प्रत्येक घाव पडे आणि घुमत राही. बार यांनी असे १०० बॉयलर कामगार तपासले, आणि तुलनेसाठी लोखंडाचे ओतकाम करणारे कामगार व टपाल वाटणारे शिपाई घेतले. त्यांचे उपकरण म्हणजे खिशातले घड्याळ होते; त्याची टिकटिक किती अंतरावरून ऐकू येते, यावरून त्यांनी श्रवण मोजले. बॉयलर कामगारांची अवस्था इतर दोन्ही गटांपेक्षा कितीतरी वाईट निघाली. मोजण्याचे साधन इतके साधे असूनही दोष धंद्याचा आहे हे सिद्ध झाले, ते तुलनेचे गट नीट निवडल्यामुळे.

या इजेची जागा शरीरशास्त्राने तोवर शोधून ठेवली होती. अल्फॉन्सो कोर्ती यांनी १८५१ मध्ये आंतरकर्णातल्या कोक्लिआ या शंखासारखे वळसे असलेल्या नलिकेतील संवेदक रचनेचे वर्णन केले. तिच्यात सुमारे १५ हजार केशपेशी, म्हणजे टोकाला सूक्ष्म केसांसारखे तंतू असलेल्या पेशी असतात. ध्वनीच्या कंपनाने ते तंतू वाकतात आणि मेंदूकडे संदेश जातो. माणसात या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. त्या मेल्या किंवा त्यांचा मज्जातंतूंशी असलेला जोड तुटला, की मेंदूकडे जाणारा संदेश रोडावतो आणि त्या उणिवेची भरपाई म्हणून मेंदू आपली संवेदनशीलता वाढवतो. या वाढीव संवेदनशीलतेतून नाद जाणवतो, असे आज बहुमान्य असलेले स्पष्टीकरण आहे. मोठ्या आवाजानंतर कानांना दडे बसतात आणि रात्रीतून ते सुटतात, म्हणजे कान पूर्ववत झाला, अशी समजूत दीर्घकाळ होती. २००९ मध्ये शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांवरील प्रयोगातून दाखवले, की श्रवणचाचणी पूर्ववत येऊनही केशपेशी व मज्जातंतू यांच्यातले जोड मोठ्या प्रमाणावर कायमचे तुटलेले असू शकतात. माणसाच्या कानाबाबत तितकाच थेट पुरावा मिळवणे अवघड आहे, तरी दडे सुटले म्हणून निर्धास्त होण्याचा आधार त्या प्रयोगाने डळमळीत केला.

कारखान्यातला आवाज माणसाकडे नकळत येत असे. घरातला आवाज त्याने स्वतः कानाशी नेला. पॅरिसच्या १८८१ च्या विद्युत प्रदर्शनात क्लेमाँ आदेर यांनी ऑपेराचे गायन तारेवरून ऐकवले, तेव्हा श्रोते दोन्ही कानांना एकेक टेलिफोन धरून उभे राहत. हात मोकळे करण्याची सोय एर्नेस्त मर्काद्ये या फ्रेंच अभियंत्याने शोधली. १८९१ च्या त्याच्या अमेरिकन पेटंटात दोन्ही कानांच्या छिद्रांत बसणारी, जेमतेम ५० ग्रॅम वजनाची जोडी वर्णिलेली आहे. कानाला टोचू नये आणि बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून तिच्या टोकांना रबराची टोपणे होती. आजच्या इअरबडची सिलिकॉनची टोके त्याच कल्पनेची वंशज आहेत. पुढचे अर्धे-पाऊण शतक ही साधने टेलिफोन चालक, नौदलाचे तारायंत्रवाले आणि वैमानिक यांच्याकडे राहिली, आणि १९५८ मध्ये जॉन कॉस यांच्या स्टिरिओ हेडफोनने ती संगीतप्रेमींच्या दिवाणखान्यात आली.

खरा पालट १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये विक्रीस आलेल्या सोनी वॉकमनने घडवला. त्या पहिल्या नमुन्यात हेडफोन जोडण्याच्या दोन जागा होत्या आणि एक नारिंगी बटण होते, जे दाबले की संगीत मंद होऊन बारीक मायक्रोफोनमधून शेजाऱ्याचे बोलणे ऐकू येई. संगीत एकट्याने ऐकणे असभ्य वाटेल, ही निर्मात्यांची शंका त्यामागे होती. श्रोत्याच्या शिष्टाचाराची इतकी काळजी घेणाऱ्या यंत्रात त्याच्या कानाच्या सुरक्षिततेसाठी मात्र काही नव्हते. रस्त्यावर, आगगाडीत, बसमध्ये संगीत ऐकायचे तर भोवतालच्या गोंगाटाच्या वर आवाज चढवावा लागतो, आणि धोक्याचे मूळ नेमके या चढाओढीत आहे. फ्रान्सने १९९० च्या दशकात अशा यंत्रांच्या आवाजाला १०० डेसिबलची कायदेशीर मर्यादा घातली. २००२ मध्ये ती ओलांडल्यामुळे आयपॉड तिथल्या दुकानांतून काही काळ मागे घ्यावा लागला, आणि २००६ मध्ये त्याच्या निर्मात्यांनी श्रोत्याला स्वतःची कमाल मर्यादा ठरवता येईल अशी सोय दिली. सतत पाच वर्षे रोज तासाहून अधिक वेळ मोठ्या आवाजात ऐकणाऱ्यांपैकी ५ ते १० टक्के लोकांना कायमच्या बहिरेपणाचा धोका आहे, असा इशारा युरोपीय आयोगाच्या वैज्ञानिक समितीने २००८ मध्ये दिला.

या सर्व नियमनाच्या मुळाशी मात्रेची कल्पना आहे, आणि ती कारखान्यातून आलेली आहे. डेसिबल हे ध्वनीच्या पातळीचे माप सरळ रेषेत वाढत नाही. दर ३ डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून सुरक्षित कालावधी निम्मा करावा लागतो. कामगारांसाठी ८५ डेसिबलला ८ तास ही मर्यादा धरली, तर ८८ ला ४ तास आणि १०० डेसिबलला अवघी १५ मिनिटे उरतात. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी मिळून वैयक्तिक ध्वनियंत्रांसाठी जे मानक केले, त्यात प्रौढांना आठवड्याला ८० डेसिबल आणि ४० तास, तर मुलांना ७५ डेसिबल आणि ४० तास अशी मात्रा ठरवली आहे. याच हिशेबाने ९० डेसिबलला प्रौढाच्या वाट्याला आठवड्यात केवळ ४ तास येतात. कान या मात्रेचे वेगवेगळे खाते ठेवत नाही. इचलकरंजी किंवा भिवंडीच्या यंत्रमागावर पाळी संपवून घरी जाताना कामगार इअरबड लावतो, किंवा ढोलताशा पथकातला तरुण सरावानंतर गाणी ऐकतो, तेव्हा संगीताची मात्रा आधीच्या मात्रेवर चढते. भारताच्या १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत गोंगाटजन्य बहिरेपणाची नोंद कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांत होती; कामाच्या जागेबाहेर घेतलेल्या मात्रेपर्यंत अर्थातच तो कायदा पोचत नव्हता.

या इतिहासाची दुसरी धारा रुग्णाच्या बिछान्यापासून निघते, आणि तिच्यात ध्वनी उपाय म्हणून येतो. बाहेर आवाज केला की कानातला घोष का थांबतो, हा प्रश्न अॅरिस्टॉटलच्या परंपरेतील प्रश्नसंग्रहात विचारलेला असून मोठा आवाज लहान आवाजाला हटवतो, असे त्याचे उत्तर दिलेले आहे. पॅरिसचे वैद्य झाँ मार्क गास्पार इतार यांनी १८२१ च्या आपल्या ग्रंथात या तत्त्वाची पद्धतशीर योजना केली. नाद घोंघावणारा असेल तर भडकलेला जाळ, सुरसुरणारा असेल तर ओल्या लाकडांचा विस्तव, आणि घंटेसारखा असेल तर उंचावरच्या भांड्याच्या छिद्रातून तांब्याच्या घंगाळात पडणारे पाणी, असे नादाच्या जातीप्रमाणे त्यांनी उपाय सुचवले. नाद मुळातून जात नाही, पण झोप तरी लागावी, हा त्यामागचा विनम्र हेतू आजच्या कित्येक हमखास उपचारांच्या जाहिरातींपेक्षा अधिक प्रामाणिक आहे. अमेरिकेत जॅक व्हर्नन यांनी १९७० च्या दशकात हीच कल्पना कानात बसणाऱ्या यंत्रात उतरवली. पोर्टलंडमधील एका कारंज्यापाशी उभे असताना चार्ल्स युनिस या डॉक्टरांना आपला कर्णनाद ऐकू येईनासा झाला, हा प्रसंग त्या शोधाला कारण झाला.

नाद बुडवण्याइतका मोठा आवाज सतत कानात सोडायचा, तर पहिल्या धारेने दाखवलेला धोका पुन्हा उभा राहतो. पावेल यास्त्रेबॉफ यांनी १९९० मध्ये मांडलेल्या उपपत्तीने या पेचातून वाट काढली. नादाचा त्रास मुख्यतः मेंदू त्याला जे महत्त्व देतो त्यामुळे होतो आणि सवयीने ते महत्त्व ओसरते, असे त्यांचे म्हणणे असल्यामुळे, सोबतीचा ध्वनी नादाला झाकून टाकणारा नको, नादासह ऐकू येणारा, त्याच्यात मिसळू लागणारा पण त्याच्या खालीच राहणारा हवा, असे त्यांनी सांगितले. हलक्या आवाजाला वैद्यकीय आधार मिळाला तो इथे. नीरव शांतताही उपाय ठरत नाही. हेलर आणि बर्गमन यांनी १९५३ मध्ये निर्दोष श्रवण असलेल्या ८० प्रौढांना ध्वनिरोधक खोलीत बसवले, तेव्हा ९४ टक्के लोकांना काही ना काही आवाज ऐकू आल्याचे नोंदले गेले. ज्याला नाद आहेच, त्याला अशी शांतता किती जड जात असेल, हे त्यावरून समजावे.

गोंगाट रद्द करणारे, म्हणजे बाहेरच्या ध्वनिलहरीच्या उलट लहर निर्माण करून तिला मंदावणारे हेडफोन या दृष्टीने दुधारी ठरतात. या तंत्राचे पेटंट पाउल ल्युग यांना १९३० च्या दशकात मिळाले, आणि अमर बोस यांनी १९७८ च्या एका विमानप्रवासापासून त्यावर काम सुरू करून १९८९ मध्ये ते वैमानिकांच्या हेडसेटमध्ये आणले. लोकलमध्ये किंवा विमानात त्याने आवाज चढवण्याची गरजच उरत नाही, म्हणून कर्णनाद असलेल्या माणसाला ते मोठे वरदान आहे. पण रात्री शांत खोलीत, काहीही न वाजवता ते लावून बसले, तर उरलासुरला भोवतालचा ध्वनीही नाहीसा होऊन नादच तेवढा पुढे येतो.

कर्णनाद असलेल्यांना इअरबड वापराबाबत आज जे सांगितले जाते, ते या दोन धारांच्या संगमातून घडले आहे. आवाज यंत्राच्या कमाल पातळीच्या ६० टक्क्यांखाली ठेवावा, गोंगाटात तो चढवण्याऐवजी कानात नीट बसणारी टोके वापरावीत, मधूनमधून कानांना विसावा द्यावा. नाद वाढल्याचे किंवा दडे बसल्याचे जाणवले, तर ती मात्रा ओलांडल्याची खूण समजून थांबावे. झोपताना सोबतीचा ध्वनी हवाच असेल, तर पावसाचा किंवा पंख्याचा मंद आवाज खोलीतल्या लहान स्पीकरवरून ऐकणे बरे, कारण त्यामुळे कानाचे छिद्र रात्रभर बुजलेले राहत नाही आणि मळ आत रेटला जात नाही. नाद एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल किंवा त्याच्यासोबत ऐकू येणे एकाएकी कमी झाले असेल, तर प्रश्न इअरबडचा राहत नाही. त्या वेळी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे गेले पाहिजे, आणि एकाएकी आलेल्या बहिरेपणात तर एकदोन दिवसांतच गेले पाहिजे, कारण त्यावरचे औषध जितके लवकर सुरू होईल तितका श्रवण परत येण्याचा संभव अधिक असतो.